पऱ्हाटी पेटवण्याआधी: रॉटरडॅम बंदराचा हिशेब आपल्या गावात कसा मांडायचा

हे लिखाण कापूस, सोयाबीन आणि तूर पिकवणाऱ्या गावांसाठी आहे. मी हिंगणघाट तालुक्यात, वणा नदीकाठच्या एका गावात कृषी सखी म्हणून काम करते. बचत गटाच्या बायांना सोबत घेऊन आम्ही गावात काय येतं, काय जातं आणि काय जाळलं जातं याची एक वही ठेवतो. ही रीत आम्ही दूरच्या एका बंदरावरून घेतली. ती कशी बसवायची, कुठं अडते आणि त्या बंदराचं काय आपल्या उपयोगाचं नाही, हे सगळं सांगते.

ते बंदर म्हणजे नेदरलँड्समधलं रॉटरडॅम. माझा भाचा मालवाहू बोटीवर इंजिनच्या कामावर आहे. बोट तिथं लागली की त्याचा फोन येतो. "मावशी, बंदर चाळीस किलोमीटर लांब आहे," असं त्यानं सांगितलं तेव्हा मी मनात हिंगणघाट ते वर्धा असा रस्ता मोजला, जवळपास तेवढंच. युरोपातलं हे सर्वांत मोठं बंदर. कच्चं तेल, लोहखनिज, कोळसा, सोयाबीन, सगळं तिथं उतरतं आणि पुढं जातं. म्हणजे माल आणायचा, वापरायचा आणि फेकायचा, या रिवाजावरच ते शहर मोठं झालं. त्याच देशानं २०१६ मध्ये ठरवलं की जमिनीतून नव्यानं काढलेल्या कच्च्या मालाचा वापर २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचा आणि २०५० पर्यंत सगळा व्यवहार चक्रीय करायचा, म्हणजे वापरलेला माल फेकून न देता पुन्हा फिरवायचा. रॉटरडॅम शहरानं तेच ध्येय घेतलं आणि बांधकाम, अन्न व हिरवा कचरा, घरगुती वस्तू आणि दवाखाने अशी चार क्षेत्रं आधी धरली.

मला त्यांचं पटलं ते एवढंच: सुरुवात त्यांनी हिशेबानं केली. कोणता माल किती येतो, कुठं मुरतो, कुठून कचरा होऊन बाहेर पडतो, हे आधी मांडलं आणि मग कोणाचा कचरा कोणाला हवा आहे ते शोधलं. हे करायला समुद्र लागत नाही.

वही कशी मांडायची

दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक पानावर तीन रकाने आखा: गावात आलं, गावातून गेलं, पडून राहिलं किंवा जाळलं. किलो किंवा क्विंटलमध्येच लिहा. रुपये नंतर. आधी रुपये लिहिले की सगळे भावावर बोलत बसतात आणि माल विसरतात.

माहिती कुठून मिळते? खताच्या गोण्या कृषी केंद्रवाल्याकडून, ढेप किराणावाल्याकडून, दूध डेअरीच्या रजिस्टरवरून, भंगार ज्या कबाड्याकडे जातं त्याच्याकडून. पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचल्यावर वावरात उरलेली झाडं, मोजायची गरज नाही. वाळलेली पऱ्हाटी एकरी साधारण एक टन धरा आणि पेऱ्याच्या एकरांनी गुणा. आकडा ऐकून ग्रामसभेत लोक दचकतात, कारण ती आजवर कोणी मालात धरलेलीच नसते.

नोंद एकाच बाईवर टाकू नका. आळीवार वाटा. दिवाळीनंतर ते होळीपर्यंत नीट लिहिली तर गावाचं बरंचसं चित्र हाती येतं, कारण आमच्याकडचा बहुतेक माल त्याच काळात हलतो.

आमच्या वहीत सगळ्यांत बोलकी निघाली ती कापसाची ओळ. एक क्विंटल कापूस जिनिंगला गेला की त्यातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. म्हणजे गावातून जाणाऱ्या मालात वजनानं जास्त सरकीच असते. तिचं तेल दुसरीकडे निघतं, आणि तिचीच ढेप आम्ही म्हशीसाठी गोणी-गोणीनं विकत आणतो. ज्या गावात दूध आहे त्या गावानं ही ओळ लाल शाईनं लिहावी.

पण म्हणून लगेच सरकीचा तेलघाणा टाकू नका. सरकीच्या कच्च्या तेलात गॉसिपॉल नावाचं घातक द्रव्य असतं. शुद्ध केल्याशिवाय ते तेल खाण्यात वापरता येत नाही, आणि शुद्धीकरण गटाच्या आवाक्यातलं काम नाही. सुरुवात जवस, तीळ, भुईमुगापासून करा. तेल घरात, पेंड कोठ्यात. हा विचार वर्ध्याच्या मातीला नवा नाही. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ मगनवाडीत सुरू झाला, गांधीजींचे सहकारी, अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा तिथं होते, आणि घाणी सुधारण्यावर, हातकागदावर तिथं खरोखर हातानं काम झालं. आपल्याला रॉटरडॅमचं नाव घ्यावं लागतं याचं मला वाईट वाटतं, कारण मगनवाडी आमच्या गावाहून सकाळच्या एसटीनं गाठता येते.

शेजारी शोधायचा, तो बंडीच्या अंतरात

वही झाली की तिसऱ्या रकान्यातल्या एकेका वस्तूला गिऱ्हाईक शोधायचं. रॉटरडॅमचा यातला सगळ्यांत चांगला दाखला असा. पर्निस इथं शेल कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. जवळच्या वेस्टलँड भागात टोमॅटो, ढोबळी मिरची आणि फुलांची काचेची हरितगृहं आहेत. रोपं वाढायला हाच वायू लागतो, म्हणून तिथले बागाईतदार उन्हाळ्यात ऊब नको असतानाही निव्वळ वायूसाठी गॅस जाळायचे. २००५ पासून कारखान्याचा वायू पाइपनं हरितगृहांत जातो आणि तो गॅस वाचतो. तसंच कचरा जाळणाऱ्या केंद्राची उष्णता गरम पाण्याच्या नळांतून शहरातली घरं ऊबदार करते.

हे जमतं कारण दोघं शेजारी आहेत. आपल्या मालाचं तर वजन कमी आणि पसारा मोठा. ट्रॉलीभर पऱ्हाटी डोंगराएवढी दिसते, काट्यावर थोडीच भरते, आणि डिझेल मात्र पूर्ण लागतं. म्हणून आमच्या गटाचा नियम आहे: बैलबंडी सकाळी निघून दिवस मावळायच्या आत परत येईल, तेवढ्याच अंतरात शेजारी शोधायचा. त्यापलीकडे माल न्यायचा असेल तर आधी त्याचा आकार कमी करा. बारीक करून दाबलेल्या पऱ्हाटीच्या कांड्यांना कारखान्यांच्या बॉयलरसाठी मागणी असते. त्यालाच लोक पांढरा कोळसा म्हणतात. असा कारखाना जवळ असेल तर भाव आणि ओलाव्याची अट आधी लेखी घ्या, मग श्रेडर, म्हणजे पऱ्हाटी बारीक करणारं यंत्र, बोलवा.

पऱ्हाटीचं काय करायचं

गावातल्या एका काकाजींनी बैठकीत विचारलं होतं, "बाई, पऱ्हाटी जाळली नाही त वावर साफ होते कसं?" प्रश्न अगदी रास्त आहे. गुलाबी बोंडअळी किडक्या बोंडांत आणि पऱ्हाटीच्या गंजीत दडून राहते. जळणासाठी धुऱ्यावर रचलेली गंजी म्हणजे पुढच्या हंगामाच्या अळीची सोय. त्यामुळे फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही राखलेलं जुनंच पीक, ठेवायची नाही, डिसेंबर-जानेवारीत पीक संपवायचं, आणि पऱ्हाटी शेतात उभी किंवा धुऱ्यावर रचलेली राहू द्यायची नाही. यावर आमचा काकाजींशी वाद नाही. पण पेटवल्यानं नत्र आणि गंधक धुरात जातं, वरच्या थरातले जीव मरतात, आणि उरलेली राख आमच्या काळ्या, आधीच विम्लधर्मी जमिनीला फारशी उपयोगी पडत नाही.

पहिली वाट कंपोस्टची. ट्रॅक्टरवरच्या श्रेडरनं उभी पऱ्हाटी बारीक करून घ्या. तुकडे बोटाच्या पेराएवढे हवेत, लांब राहिले तर कुजायला दुसरा पावसाळा उजाडतो. भारी जमिनीत ते तसेच मातीत गाडता येतात. ढीग करायचा असेल तर झाडाच्या सावलीत, विहिरीजवळ करा. अर्धा फूट पऱ्हाटीचा थर, त्यावर शेणकाला, पुन्हा थर, असं छातीभर उंच न्या. पऱ्हाटीत कर्ब फार आणि नत्र कमी, त्यामुळे शेणकाल्यात कंजुषी केली तर ढीग महिनोन् महिने तसाच बसतो. टनामागं किलोभर ट्रायकोडर्मा, म्हणजे कुजवणारी बुरशी, मिसळा. ओल पाहायची ती अशी: आतला मूठभर माल दाबला की तळहात ओला व्हावा, पण पाणी टपकू नये. पंधरा-वीस दिवसांनी पलटवा. पलटवताना वाफ आली पाहिजे. आली नाही तर ओल किंवा शेण कमी पडलंय. जानेवारीत लावलेला ढीग मृगाच्या आधी वापरायला येतो. मार्चनंतर विहीर खोल जाते, म्हणून ही कामं लांबवू नका.

दुसरी वाट कोळशाची, आणि ती हलक्या बरड जमिनीसाठी. जमिनीत वर चार फूट रुंद आणि खाली निमुळता होत जाणारा, अडीच-तीन फूट खोल खड्डा काढा. झोडून काढलेली किडकी बोंडं आणि थोडी वाळलेली पऱ्हाटी तळाशी घेऊन वरून पेटवा. ज्वाळा वर राहते, ती वरची हवा खाऊन टाकते, त्यामुळे खालचा माल जळून राख न होता कोळसा होतो. वरच्या काड्यांवर पांढरी राख धरू लागली की लगेच पुढचा पातळ थर टाका. थर जाड टाकला तर धूर होतो. धूर दिसला की समजा घाई झाली. खड्डा भरला की पाणी ओतून पूर्ण विझवा. पाण्याचे ड्रम पेटवायच्या आधी भरलेले असावेत, वारा नसावा आणि कुटाराची, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या भुशाची, गंजी लांब असावी. वाळलेल्या मालाच्या वजनाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा कोळसा मिळतो. तो तसाच शेतात टाकू नका, सुरुवातीला तो जमिनीतलंच नत्र धरून ठेवतो. शेणकाल्यात दोन आठवडे भिजवा किंवा कंपोस्टच्या ढिगात मिसळा, मग टाका.

कुटारावर अळंबी

रॉटरडॅमला मास नदीच्या काठी ट्रॉपिकाना नावाचं मोठं जलतरण केंद्र होतं, वर काचेचा घुमट. ते २०१० मध्ये बंद पडलं. त्याच्या तळघरात काही तरुणांनी शहरातल्या कॅफेंमधून कॉफीचा चोथा आणून त्यावर धिंगरी अळंबी पिकवली. आता त्या इमारतीला ब्लूसिटी म्हणतात, आणि एकाचा उरलेला माल दुसऱ्यानं वापरावा असे छोटे उद्योग तिथं बसतात. हे वाचून आमच्यातल्या एकीनं चहाचा चोथा गोळा करायचं काढलं. मी म्हटलं, त्यांच्याकडे कॉफी पडून असते, आपल्याकडे कुटार पडून असतं. बघायचं ते आपल्या अंगणात काय पडलंय.

सोयाबीनचं कुटार धिंगरीला चांगलं मानवतं. पहिल्या पावसात उगवणारे टेकोडे, म्हणजे रानातली अळंबी, आपल्याकडे आवडीनं खातात, त्यामुळे चव नवी नाही. पण ही बी विकत आणून केलेली लागवड आहे, रानातल्या टेकोड्यांशी तिची गल्लत करू नका.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आमच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा हा नाद सोडून द्यावा. कुटार त्याच हंगामातलं, कोरडं, बुरशी न लागलेलं, आणि काढणीच्या तोंडावर फवारणी न झालेल्या वावरातलं घ्या. पोत्यात भरून रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी निथळून गरम पाण्यात, साधारण ८० अंशांवर, तासभर ठेवा. उकळी फुटू द्यायची नाही, पण हात घालवणार नाही इतकं गरम हवं. हीच पायरी बाया टाळतात, आणि मग पिशवीत हिरवी बुरशी येते. निथळून सावलीत स्वच्छ ताडपत्रीवर पसरा. मुठीत दाबल्यावर पाण्याचा थेंब पडला नाही की भरायला तयार.

प्लॅस्टिकच्या पिशवीत चार बोटं कुटार, कडेनं स्पॉन म्हणजे अळंबीचं बी, पुन्हा कुटार, असं दाबून भरा. ओल्या कुटाराच्या वजनाच्या दोन टक्के स्पॉन पुरतं. तोंड बांधून सुईनं भोकं पाडा आणि अंधाऱ्या खोलीत टांगा. पंधरा ते वीस दिवसांत पिशवी पांढरीशुभ्र होते. मग प्लॅस्टिक कापा, खिडकी थोडी उघडा, भिंती आणि जमिनीवर पाणी शिंपडत राहा. ओली पोती टांगली तर कुलरची गरज नाही. एक किलो कोरड्या कुटारामागं अर्धा ते पाऊण किलो ताजी अळंबी धरा, ती दोन-तीन तोडण्यांत मिळते. कडा वर वळायच्या आत तोडा. खोलीत जाताना तोंडाला फडकं बांधा. पिकलेल्या अळंबीची बारीक भुकटी उडते, तिनं खोकला धरतो, आणि दम्याच्या बाईनं हे काम घेऊ नये.

विक्रीचं आधी ठरवा. ताजी अळंबी त्याच दिवशी विकली गेली तर बरं, नाहीतर उन्हात वाळवा. वाळल्यावर वजन दहावा हिस्सा उरतं. स्पॉन आणि प्रशिक्षणासाठी कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. आमच्या वर्धा जिल्ह्याचं सेलसुऱ्याला आहे. वापरून झालेलं कुटार गांडूळखताच्या बेडवर टाका.

शेण आणि जुनी घरं

शेणाबद्दल थोडक्यात, कारण गोबरगॅस आपल्याला नवा नाही. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं, म्हणजे चार-पाच मोठी जनावरं. एका घरी तेवढी नसतील तर दोन शेजाऱ्यांनी मिळून बांधा, पण चूल कोणाची आणि स्लरी कोणाची हे आधी लिहून घ्या. रॉटरडॅमला २०१९ पासून बंदरातल्या पाण्यावर तरंगता गोठा आहे. तिथल्या गायींना बीअरच्या कारखान्याचा चोथा, बटाट्याची सालं आणि मैदानांवरचं कापलेलं गवत घालतात. आपल्या जनावरांना तुरीचं, हरभऱ्याचं कुटार पिढ्यानपिढ्या मिळत आलंय, फक्त हार्वेस्टर आल्यापासून ते वावरातच उडून जातं. हार्वेस्टर लावणार असाल तर कुटार गोळा करायचं बोलणं आधीच करा.

घरकुल मंजूर झालं की जुनं घर दोन दिवसांत जेसीबीनं पाडतात. तसं करू नका. नेदरलँड्समध्ये इमारतीत कोणतं साहित्य कुठं आहे याची नोंद ठेवायची पद्धत रुजते आहे, म्हणजे पाडताना ते शाबूत काढता येतं. आपणही पाडायच्या आदल्या आठवड्यात यादी करावी: सागाच्या मयाली, दारं, चौकटी, कवेलू (छपराची कौलं), पक्क्या विटा. शाबूत कवेलू कोठ्यावर चढतात. अर्ध्या विटा न्हाणीच्या शोषखड्ड्यात जातात.

जे फिरवायचं नाही

इथं मी कोणाचंच ऐकत नाही. कीटकनाशकाचा डबा, बाटली, पाऊच पुन्हा वापरायचा नाही. त्यात पाणी नाही, तेल नाही, बियाणं नाही, शौचाला नेण्याचं टमरेलसुद्धा नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर गेले, ते आम्ही शेजारच्या जिल्ह्यातून पाहिलं. काहीच वाया जाऊ नये, हा आग्रह इथं लागू करायचा नाही.

बाटली रिकामी झाली की तीनदा विसळा आणि विसळण तिथंच पंपात ओता. नाल्यावर, विहिरीवर विसळू नका. मग बुडाला भोक पाडा म्हणजे कोणी नेणार नाही. जाळू नका, पुरू नका. कुलूप लागणाऱ्या पत्र्याच्या पेटीत, लेकरांच्या हाताबाहेर जमा करा. वहीत त्यांचा आकडा वेगळा लिहा. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ प्रमाणे वेष्टन बनवणाऱ्यांवर आणि माल विकणाऱ्या कंपन्यांवर ते परत घेण्याची जबाबदारी आहे. कृषी केंद्रवाल्याला लेखी आकडा दिला की तो टाळाटाळ करू शकत नाही, तोंडी सांगितलं तर करतो.

रॉटरडॅमबद्दलही एक गोष्ट लपवू नये. तिथं मोठमोठे तेलशुद्धीकरण कारखाने आजही चालू आहेत आणि बंदराचा मोठा व्यवहार इंधनावरच आहे. त्यांचं ध्येय कागदावर चांगलं आहे, वाट अजून लांब आहे. आपण त्यांची हिशेबाची शिस्त घ्यावी. पाइपांचं जाळं आणि मोठ्या यंत्रांचा हव्यास घेऊ नये.

काम कोणाचं

शेण, गटाराचा गाळ, मेलेलं जनावर ही कामं आपल्या गावांत एकाच वस्तीच्या माथी मारली गेली. कचऱ्याला मोल आलं की दोन गोष्टी होतात: काम त्याच वस्तीकडे राहतं आणि मोल दुसरीकडे जातं. म्हणून पाळी घरवार लावा, आणि सरपंचांच्या घराची पाळी पहिल्या आठवड्यात ठेवा. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. गावात शिरले की आधी खराटा स्वतः हातात घ्यायचे, कीर्तन नंतर. ज्यांनी आजवर हे काम केलं त्यांना खताच्या आणि अळंबीच्या पैशात पहिला वाटा, असं गटाच्या इतिवृत्तात लिहून ठेवा. भूमिहीन बायांनाही वाटा मिळतो का, ते दर महिन्याच्या बैठकीत विचारा, कारण कुटार आणि पऱ्हाटी शेतमालकाची असते आणि मेहनत त्यांची.

ठराव

ठराव २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत घ्या. २६ जानेवारीपर्यंत थांबलात तर निम्मी पऱ्हाटी जळालेली असते. ठरावात तीन गोष्टी हव्यात: गावाची आवक-जावक वही कोण ठेवणार त्यांची नावं, श्रेडरची पाळी आणि एकरी भाडं, विषारी डब्यांच्या पेटीची जागा आणि किल्ली कोणाकडे. हे काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालायचं, असंही त्यात लिहून घ्या. सही-शिक्क्याची प्रत त्याच दिवशी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) मागून घ्या, एक प्रत सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) द्या. श्रेडरवाल्याशी मात्र दिवाळीच्या आधीच बोलून ठेवा, डिसेंबरात तो सापडत नाही.